मदत हवी आहे : दोन संगणक केबलने जोडले, तरी फाइली जात नाहीत

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी तालुका, शुक्रवार सायंकाळ)
नमस्कार. घरी एक जुना डेस्कटॉप आणि एक नवा लॅपटॉप आहे. गावच्या मंडईत (दिवाळीनंतरच्या जत्रेत) झालेल्या नाटकांचे थोरल्या भावाने आठ-नऊ वर्षे केलेले चित्रीकरण डेस्कटॉपवर आहे, सुमारे २३० जीबी. दोन्ही संगणक केबलने थेट जोडले, पण लॅपटॉपवर डेस्कटॉप दिसतच नाही. सोमवारी सकाळी पुतणी लॅपटॉप घेऊन नागपूरला जाणार आहे, म्हणजे हाती जेमतेम तीन रात्री आहेत. इंटरनेटवर चढवून उतरवण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये, कारण येथे मोबाइलवर दिवसाला दीड जीबी मिळते आणि त्या हिशेबाने नुसते चढवायलाच पाच महिने लागतील. उपाय लवकर सांगावा.

चौकस वर्धेकर
भाऊ, केबल कोणती, दोन्हीकडे विंडोज कोणते आणि केबल लावल्यावर तिच्या तोंडाशी दिवा लागतो का, हे तिन्ही सांगितल्याशिवाय उत्तर म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखे होईल.

सोपा मार्ग
एवढा खटाटोप कशाला? ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि चार फेऱ्यांत काम संपवावे. मी तहसीलच्या कामाचे सगळे कागद असेच नेतो.

वैनगंगाकाठ
पेन ड्राइव्ह करून पाहिला आहे. मोकळी जागा असूनही फाइल मोठी असल्याचे सांगतो. केबल म्हणजे साधी निळी लॅनची केबल, सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडून दोन्ही टोके लावून आणली आहे. दिवा दोन्हीकडे लागतो. विंडोज जे येते तेच आहे.

चौकस वर्धेकर
पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही, जागा कितीही असो. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाची फाइल त्याहून मोठीच असणार. तो एक्सफॅट केला तर अडचण जाईल, पण फेऱ्या मारण्यापेक्षा केबल बरी. 'जे येते तेच' म्हणजे सात, दहा की अकरा?

जुना जाणता
यात क्रॉस केबल लागते, साध्या केबलने दोन संगणक बोलत नाहीत. आमच्या सायबर कॅफेत २००४ साली मी स्वतः अशा केबली बनवल्या आहेत. एका टोकाला पांढरा-नारिंगी आणि नारिंगी यांच्या जागी पांढरा-हिरवा आणि हिरवा घ्यावा लागतो. सीसीटीव्हीवाल्याला हे ठाऊक नसते.

तिसरी फेज
काका, २००४ साली तुमचे म्हणणे बरोबर होते. आताच्या गिगाबिट (वेगवान) नेटवर्क कार्डांना तारांची अदलाबदल स्वतःच ओळखता येते आणि दोहोंपैकी एकाला ती ओळखता आली तरी पुरते. दिवा लागला आहे, म्हणजे केबलचा प्रश्न मिटला.

वैनगंगाकाठ
डेस्कटॉपवर सात, लॅपटॉपवर अकरा.

एक घाव
मग उत्तर सरळ आहे. अकरामध्ये एसएमबीची, म्हणजे विंडोज संगणक एकमेकांना फाइली देतात त्या पद्धतीची, पहिली आवृत्ती बंद असते. ती चालू केली की जुना संगणक लगेच दिसेल.

तिसरी फेज
कृपया तसे करू नये. पहिली आवृत्ती एक्सपीसारख्या संगणकांसाठी लागते. विंडोज सातला दुसरी आवृत्ती येते आणि ती अकरालाही समजते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतील त्रुटीच्या वाटेने. जे दार उघडण्याची गरजच नाही, ते केवळ सवयीने उघडू नये.

एक घाव
दोन संगणकांच्या मध्ये एकच केबल आहे. जगभरचा व्हायरस तिच्यातून कुठून येणार? माझ्याकडे याच उपायाने तीन संगणक चालले आहेत.

तिसरी फेज
लॅपटॉप सोमवारी नागपूरला जाऊन वसतिगृहाच्या वाय-फायला लागेल, तेव्हा ती आवृत्ती बंद करण्याचे कोणाच्या लक्षात राहील?

वैनगंगाकाठ यांनी असे करावे. मध्ये राउटर नसल्यामुळे संगणकांना आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळखीचे आकडे) वाटणारे कोणी नाही, म्हणून ते हाताने द्यावेत : डेस्कटॉपला १९२.१६८.१०.१, लॅपटॉपला १९२.१६८.१०.२ आणि दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेचा रकाना रिकामा राहू द्यावा. अशा जोडणीला विंडोज 'अनोळखी' समजून सार्वजनिक गटात टाकते आणि शेअरिंग बंद ठेवते. तुमचा डेस्कटॉप न दिसण्याचे कारण बहुधा हेच आहे. डेस्कटॉपवर सार्वजनिक गटासाठी फाइल शेअरिंग चालू करून चित्रीकरणाचे फोल्डर शेअर करावे. मग लॅपटॉपवर फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच डेस्कटॉपचा पत्ता लिहून एंटर द्यावे. नेटवर्कच्या यादीत नाव दिसण्याची वाट पाहू नये.

पेचकस
हे सारे वाचेपर्यंत डेस्कटॉपची डिस्क काढून झाली असती. चार पेच असतात. साटा ते यूएसबी ॲडॉप्टर लावून ती लॅपटॉपला जोडावी. मात्र साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तेव्हा नुसत्या वायरीचे ॲडॉप्टर घेऊ नये.

वैनगंगाकाठ
ते ॲडॉप्टर आणायला वडसा गाठावे लागेल आणि डिस्कला हात लावू देण्यास भाऊ तयार नाही. तिसरी फेज यांनी सांगितल्याप्रमाणे केले, तर आता नाव आणि पासवर्ड विचारतो. लॅपटॉपचा चार आकडी पिन दिला, चालला नाही. डेस्कटॉपच्या खात्याचे नाव टाकून पासवर्ड रिकामा ठेवला, तरी एक लांबलचक इंग्रजी संदेश देऊन परत पाठवतो.

चौकस वर्धेकर
तो संदेश काय आहे, ते लिहावे ना!

वैनगंगाकाठ
खात्यावरील निर्बंधांमुळे प्रवेश देता येत नाही, उदाहरणार्थ रिकामे पासवर्ड चालत नाहीत, अशा अर्थाचा आहे. डेस्कटॉपला पासवर्ड नाहीच. घरच्या संगणकाला कुलूप कशाला?

तिसरी फेज
हे पहिल्याच संदेशात लिहिले असते तर सारे तासाभरात आटोपले असते. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यावर समोर बसून प्रवेश मिळतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला विंडोज तो मुळातच नाकारते. लॅपटॉपचा पिन हा त्या लॅपटॉपपुरताच असतो, दुसऱ्या संगणकाच्या दारात त्याचा उपयोग नाही. डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्ड द्यावा आणि तेच नाव, तोच पासवर्ड लॅपटॉपवर टाकावा. काम झाल्यावर पासवर्ड काढला तरी चालेल.

गोंदियाची ताई
नाटकांची चित्रफीत कॅसेटमध्ये असेल, तर आधी ती संगणकात घ्यावी लागते. त्यासाठी कॅप्चर कार्ड मिळते. माझ्या माहेरच्या कॅसेटींना अक्षरशः बुरशी लागली होती.

वैनगंगाकाठ
ताई, कॅसेट नाही, सर्व संगणकातच आहे.
पासवर्ड दिल्याबरोबर फोल्डर उघडले, आभारी आहे! सेकंदाला सुमारे ११ एमबी एवढाच वेग मिळतो आहे. दुसरे असे की येथे रात्री लाईनीचा भरवसा नसतो आणि डेस्कटॉपची डिस्क मधूनच टकटक असा आवाज करते.

तिसरी फेज
टकटक होते, हे आता सांगता? तसे असेल तर सर्वांत मोलाची नाटके आधी न्यावीत, कारण ती डिस्क किती दिवसांची सोबती आहे हे कोणी सांगू शकत नाही. ११ एमबी म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर आहे. जुन्या डेस्कटॉपचे कार्ड तेवढेच असेल किंवा सीसीटीव्हीवाल्याने आठापैकी चारच तारा लावल्या असतील. या वेगाने २३० जीबीला जवळपास सहा तास लागतात, तेव्हा केबलच्या मागे न लागता काम सुरू करावे.

माऊसने ओढून टाकू नये. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी ही विंडोजमधलीच फाइली उतरवणारी आज्ञा चालवावी आणि तिला ई (आतल्या फोल्डरांसह), झेड, आर : २ (दोनदा पुन्हा प्रयत्न) आणि डब्ल्यू : ५ (मध्ये पाच सेकंद थांबणे) हे पर्याय द्यावेत. झेडमुळे अर्धवट राहिलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे जाते. आर दिला नाही, तर न वाचता येणाऱ्या एकाच फाइलीपाशी ती दहा लाख वेळा प्रयत्न करत बसेल. वीज जाऊन आली की तीच आज्ञा पुन्हा द्यावी. पूर्ण झालेल्या फाइली ती सोडून देते. आणि दोन्ही संगणकांची झोपेची वेळ आधी बंद करावी.

पेचकस
यूपीएस घ्यावा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

वैनगंगाकाठ (रविवार सकाळ)
काल रात्री साडेनऊला सुरू केले. पावणेदोनला वीज गेली तेव्हा साधारण १६५ जीबी झाले होते. पहाटे वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि उरलेले दोन तासांच्या आत संपले. दोन फाइली वाचता आल्या नाहीत. त्यांतली एक पहिल्या वर्षीच्या नाटकाचा दुसरा अंक आहे, जो भावाला सर्वांत प्रिय आहे. त्या दोघींसाठी आज वडशाहून ॲडॉप्टर मागवले आहे आणि डिस्क काढण्यास भाऊ आता तयार झाला आहे.

सोपा मार्ग
दोनच फाइली राहिल्या असतील, तर पेन ड्राइव्ह वापरावा.