पेम्ब्रोकशायरचा समुद्रकिनारा: आईच्या गुडघ्याला झेपतील अशा पायवाटा सुचवा

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीहून मे महिन्यात आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला येताहेत. त्यांना तीन रात्रींसाठी वेल्सच्या पेम्ब्रोकशायरला न्यायचा विचार आहे. गाडी आमची आहे, तारखा अजून पक्क्या नाहीत.

बाबा ७३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. रोज पाच किलोमीटर चालतात आणि इतिहासाचा प्रचंड नाद आहे. आई ६८ची. दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा बदललाय. सपाटीवर काठी घेऊन तासभर आरामात चालते, पण उतार दिसला की धास्तावते. सोबत चार वर्षांचा मुलगा, जो अर्ध्या वाटेत हमखास बाबागाडी मागतो.

गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांना एका किनाऱ्यावर नेलं होतं. एका ॲपवर 'सोपी वाट, ४ किमी' वाचून निघालो आणि निम्म्यात उंच दगडी पायऱ्या समोर आल्या. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण रात्री त्यांचे पाय सुजलेले बघून मला रडू आलं. यंदा तसं व्हायला नको आहे. समुद्र भरपूर दिसावा, बाबांना बघायला-वाचायला काही असावं आणि आईला 'तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते' असं दर वेळी म्हणावं लागू नये. कुणी स्वतः चाललं असेल तर कृपया सांगा.

मीठवारा

ताई, अकरा वर्षं स्वान्सीला राहतोय आणि इथली किनाऱ्याची वाट तुकड्यातुकड्यांनी बरीचशी पायाखाली घातली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. इथे किलोमीटर बघूच नका, चढ-उतार बघा. पेम्ब्रोकशायर कोस्ट पाथ १९७० साली खुला झाला, लांबी १८६ मैल. पण सगळ्या चढांची बेरीज करतात ती सुमारे ३५,००० फूट, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा जास्त! कारण सोपं आहे. वाट कड्यावरून सपाट जाते, आणि जिथे जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे तिथे खाली उतरून पुन्हा वर चढते. त्यामुळे नकाशावर निळी रेघ किनाऱ्याला मिळताना दिसली की तिथे आईच्या गुडघ्याची परीक्षा आहे असं समजा. दोन ओढ्यांमधला एकच तुकडा निवडायचा, आणि आलो त्याच वाटेने परत फिरायचं. गोल फेरीचा मोह टाळा.

माझी पहिली शिफारस बॉशरस्टनची कमळतळी. कॉडर घराण्याची स्टॅकपोल नावाची जहागीर होती. त्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला समुद्राला मिळणाऱ्या दऱ्या बांध घालून अडवल्या आणि ही तळी तयार झाली. त्यांचा वाडा १९६३ मध्ये पाडला, तळी मात्र राहिली. बॉशरस्टनच्या वाहनतळापासून तळ्याच्या काठाने ब्रॉड हेवन साऊथच्या पुळणीपर्यंत साधारण दीड किलोमीटर. झाडांच्या सावलीतून, पाण्याच्या कडेकडेने जाता जाता एकदम समोर वाळू आणि समुद्रातला टोकदार खडक येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथेच खाली बसलो होतो. तळ्यात ऊद (पाणमांजरं) आहेत, पण दिसायला सकाळी लवकर जावं लागतं. तळ्यांवरचे पूल अरुंद आहेत, तिथे लेकराचा हात धरून ठेवा.

तारखा पक्क्या नाहीत म्हणालात, तर मेचा शेवटचा आठवडा सोडा. शाळांना सत्राच्या मधली आठवडाभराची सुट्टी असते, पार्किंगला जागा मिळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या, कमळं तेव्हा फुललेली असतात.

पाऊलवाट_७२

मीठवारा यांना अनुमोदन. तिथून जवळच बाराफंडल बे आहे, तेही कराच. स्टॅकपोल क्वेच्या धक्क्यापासून अर्धा मैल, गाडीरस्ता पोचतच नाही, म्हणून पुळण इतकी स्वच्छ राहिली आहे.

मीठवारा

पुळण सुंदर आहे याबद्दल दुमत नाही, पण या कुटुंबासाठी मी नाही म्हणेन. धक्क्यापाशी पायऱ्या चढायच्या, पलीकडे पुळणीवर पायऱ्या उतरायच्या, आणि येताना तेच उलट. अर्ध्या मैलाच्या आकड्याने फसायला होतं ते असंच. पहिल्या पायऱ्या जमल्या तर कड्यावरच्या गवतावर बसून वरूनच बघा. तिथून दिसतं ते खाली उतरून दिसतं त्यापेक्षा कमी नाही.

चहाटपरी

बाबागाडीसाठी: सॉन्डर्सफुट ते वाइजमन्स ब्रिज. एकोणिसाव्या शतकात या भागात दगडी कोळशाच्या खाणी होत्या आणि कोळसा बंदरावर आणायला समुद्राला लागून छोटी रेल्वे टाकली होती. रूळ गेले, पण बोगदे आहेत, आणि त्यांच्यातून सपाट रस्ता जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये अंधारे बोगदे. आमची मुलगी प्रत्येक बोगद्यात आगगाडीसारखा आवाज काढत गेली आणि बाबागाडीत बसायचं विसरली. आईंसाठीही हीच सगळ्यात निर्धोक वाट म्हणेन, एकही पायरी आठवत नाही. मोबाइलचा टॉर्च लागतो. दरड आली की कधी कधी वाट बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. आणि वाळूवरून परत येऊ म्हणालात तर भरतीची वेळ पाहूनच! इथलं पाणी बघता बघता चढतं, आपल्या कोकणातल्या भरतीच्या अंदाजावर राहू नका.

वाइजमन्स ब्रिजच्या पुळणीवर १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची रंगीत तालीम झाली होती, हे बाबांना सांगा.

जुनी_नाणी

तुमचे बाबा बँकेत होते हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. त्यांना फिशगार्डला न्या.

२२ फेब्रुवारी १७९७ ला सुमारे १,४०० फ्रेंच सैनिक फिशगार्डजवळ कॅरेगवास्टॅडच्या कड्याखाली उतरले. ब्रिटनच्या भूमीवरची ही शेवटची परकी स्वारी. दोनच दिवसांत त्यांनी गुडविकच्या वाळूवर शस्त्रं ठेवली. जेमायमा निकलस नावाच्या चांभारणीने हातात गवत उचलायचा काटा घेऊन बारा सैनिक पकडून आणले, असं सांगतात. गावच्या चर्चच्या आवारात तिचा स्मृतिदगड आहे.

पण बँकेची गोष्ट पुढे आहे. फ्रेंच उतरल्याची बातमी पसरली तशी लोकांनी नोटा देऊन सोनं मागायला सुरुवात केली. युद्धखर्चाने साठा आधीच घटला होता. २७ फेब्रुवारीपासून बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, आणि नाण्यांची चणचण भागवायला एक आणि दोन पौंडांच्या नोटा पहिल्यांदाच काढल्या. सोनं पूर्ववत मिळायला १८२१ उजाडलं. ज्या माणसाने आयुष्यभर 'मी धारकास अदा करण्याचे वचन देतो' छापलेल्या नोटा मोजल्या, त्याला त्या किनाऱ्यावर उभं राहून काय वाटेल, विचार करा.

कॅरेगवास्टॅडपर्यंत आईंना नेऊ नका, वाट दगडधोंड्यांची आहे. त्याऐवजी फिशगार्डचा मरीन वॉक करा. बंदराच्या वरून जाणारी पक्की वाट, मध्ये मध्ये बाकं, थोडा चढ आहे पण पायऱ्यांसारखा नाही. तिथून बंदराच्या तोंडावर १७८१चा छोटा किल्ला दिसतो, तोफांसकट. पाऊस आला तर टाउन हॉलमध्ये जा. स्वारीला २०० वर्षं झाली तेव्हा गावातल्या सत्तरहून अधिक बायकांनी भरतकाम करून हा प्रसंग ३० मीटर लांब कापडावर उतरवला आहे. माझी आई ते टाके बघत तासभर हलली नव्हती.

सांगलीची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! 'जुनी नाणी' काका, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी लगेच वही काढली.

जून दुसरा आठवडा नक्की. दोन शंका. सेंट डेव्हिड्सचं कॅथीड्रल आईला जमेल का? आणि सेंट गोव्हनचं कड्यातलं देऊळवजा चॅपल?

मीठवारा

कॅथीड्रल खोलगट जागी आहे. वेशीतून खाली जायला बरोबर ३९ पायऱ्या आहेत, पण गाडीरस्त्याने वळसा घेऊन थेट दारापर्यंत जाता येतं, तसं करा. गाव जेमतेम १,८०० वस्तीचं, तरी ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं शहर. बाराव्या शतकात पोपने ठरवलं की इथे दोन वाऱ्या केल्या की रोमच्या एका वारीचं पुण्य. वारीचा हिशेब आईंना लगेच कळेल.

तिथून गाडीने सेंट नॉन्सला जा. वेल्सचा संरक्षक संत सेंट डेव्हिड, त्याचा जन्म इथे झाला अशी श्रद्धा आहे. गवतात पडक्या चॅपलच्या भिंती, जवळ झरा, आणि पुढे नुसता समुद्र. गाडीपासून पाच-दहा मिनिटं.

सेंट गोव्हनला मात्र फक्त बाबांना उतरू द्या, पायऱ्या उभ्या आणि झिजलेल्या आहेत. उतरताना आणि चढताना त्यांची मोजणी जुळत नाही अशी दंतकथा आहे. रस्ता लष्कराच्या सरावाच्या हद्दीतून जातो, गोळीबार असला की बंद.

चहाटपरी

खाण्याचं: शाकाहारी असाल तर वेल्श केक घेताना विचारा. तव्यावर भाजलेले, बेदाणे घातलेले फार छान लागतात, पण काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी असते. आम्ही दशम्या आणि चहाचा थर्मास घेऊनच निघतो.

सांगलीची_लेक

परत आलो, म्हणून हा धागा वर काढतेय.

आई तिन्ही दिवस चालली. बोगद्यांची वाट तिला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. बॉशरस्टनला कमळं होती, ऊद नाही दिसला. पुळणीवर वाळू मऊ आहे, काठी रुतते, हे पुढच्यांसाठी लिहून ठेवते. मरीन वॉकवर वाऱ्याने आईच्या डोक्यावरचा स्कार्फ उडत होता, जूनमध्येही कानटोपी न्या.

सेंट गोव्हनला पहिल्या दिवशी रस्ता बंद होता, शनिवारी उघडा मिळाला. बाबा खाली गेले, आई वर माझ्याबरोबर गवतात बसली. बाबा वर आले तेव्हा वहीत दोन आकडे होते, दोन वेगळे. ते पुन्हा खाली निघाले होते, आईने हात धरून थांबवलं.