हुपोमेनो: सोसणे की तग धरणे?

बायबलातल्या मत्तय 24:13 मध्ये 'शेवटपर्यंत टिकून राहील' आहे तिथं मूळ ग्रीकमध्ये हुपोमेनो हे क्रियापद आहे म्हणे. मग सरळ 'सोसणे' का नाही घेतलं? आणि ते रूप भूतकाळी आहे असंही वाचलं, पुढं होणाऱ्या गोष्टीला भूतकाळ कसा काय?

—

हुपो म्हणजे खाली, मेनो म्हणजे राहणे, म्हणून 'ओझ्याखाली राहणे' असं प्रवचनात हमखास सांगतात. पण लूक 2:43 मध्ये बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहतो तिथंही हेच क्रियापद आहे, तिथं कुठलं आलंय ओझं! आपला 'उप' आणि ग्रीक हुपो एकाच मुळातले, आणि उपवासाची फोड 'जवळ राहणे' अशी केली तरी ताटातली साबुदाणा खिचडी काही त्यातून कळत नाही, तसंच हे.

जुना वापर बघा. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या 16व्या सर्गात ट्रॉयचा योद्धा युफोर्बस ग्रीक योद्धा पात्रोक्लसला मागून भाला मारतो आणि पळून गर्दीत घुसतो, समोरचा निःशस्त्र असून 'हुपेमेइने' नाही, म्हणजे त्याच्यासमोर पाय रोवून उभा राहिला नाही. म्हणून मला 'तग धरणे' जास्त पटतं. सोसणं काय, कोपऱ्यात बसूनही होतं.

—

पण इब्री 12:2 मध्ये वधस्तंभ 'सोसला' असंच आहे ना?

—

बरोबर, कारण तिथं वधस्तंभ हे कर्म आहे. मत्तयात कर्मच नाही, नुसतं 'शेवटपर्यंत', मग 'सोसणे' लटकतं, काय सोसणार ते कळत नाही. पण हाही पक्का नियम नाही हं, स्तोत्र 27:14 च्या ग्रीक भाषांतरात कर्म आहे प्रभू आणि अर्थ आहे वाट पाहणे, तिथं 'प्रभूला सोसा' केलं तर पंचाईतच!

आता रूपाचं. मत्तयातलं 'हुपोमेइनास' हे अओरिस्ट (ग्रीकमधलं बहुतेकदा भूतकाळासाठी येणारं क्रियारूप) कृदंत आहे, मेनोचा अओरिस्ट नेहमीच्या सिग्माशिवाय, म्हणजे 'स' अक्षराशिवाय होतो आणि 'मेन'चं 'मेइन' होतं, त्यामुळे पटकन ओळखू येत नाही. कृदंतात अओरिस्ट म्हणजे भूतकाळच असं नाही, ती क्रिया आख्खी, एकसंध धरलेली असते, काळ मुख्य क्रियापदावरून ठरतो आणि इथं ते भविष्यातलं आहे, सोथेसेताई, तारला जाईल. आपण नाही का म्हणत, 'पाऊस आला तर थांबू'? आला म्हणतो, पण पाऊस अजून यायचाच असतो.

—

अच्छा, म्हणजे 'जो शेवटपर्यंत टिकला तो तरेल' असंही चाललं असतं?

—

चाललं असतं की, मला तर तेच जास्त आवडलं असतं.