जोत्यातले कोरीव दगड, ओटी उंच करताना त्यांचं काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. आमचं गावचं घर चौल-रेवदंड्याकडे, माडाच्या वाडीत. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि आता पावसाचं पाणी थेट पडवीत येतं, म्हणून जोतं फूटभर उचलायचं ठरलंय. अडचण दगडांची आहे.

ओटीच्या पहिल्या पायरीच्या दर्शनी बाजूला अर्ध्या कमळांची ओळ कोरलेली आहे. मधल्या खांबाखालचा तळखडा बाकीच्यांसारखा नाही : खाली चौकोनी, वर अष्टकोनी, डोक्यावर कुसू (वरच्या दगडात बसणारी खुंटी) काढलेलं. देवळाच्या खांबाचा तुकडा असावा. मागीलदारी विहिरीपाशी चुन्याने माखलेला उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य कळतात, खालचं चित्र आजीने कधी धड बघू दिलं नाही. (गधेगाळ असणार, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला जुना दगड, हे आता कळतंय!) न्हाणीच्या दाराचा पीळदार दोरासारखा कोरलेला दगड मात्र निराळाच. रेवदंड्याच्या कोटातला असेल का? १७४० मध्ये पोर्तुगीज गेल्यावर तिथला दगड आसपासच्या घरांत आला असेल, असा माझा तर्क.

कंत्राटदार म्हणतो, काढा आणि ग्रॅनाइट बसवा. एकजण तर टेम्पो घेऊन यायला तयार आहे, पैसेही देतो म्हणतो. मला दोन्ही नको. हे दगड आजवर टिकले ते कुणीतरी त्यांच्यावर पाय ठेवत राहिलं म्हणून. पण सिमेंटात बसवले तर चालेल का? चुना कसा काढू? आणि सरकारदरबारी काही कळवावं लागतं का?

प्रतिसाद :
सिमेंट नकोच. समुद्राकाठी दगडात क्षार असतात, सिमेंटने ओल कोंडते आणि क्षार फुलून दगडाचे पापुद्रे निघतात. चुन्यात बसवा. हलवण्याआधी प्रत्येक दगडाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. गधेगाळीला अॅसिड, तारेचा ब्रश, तेल काही लावू नका. रात्री टॉर्च अगदी बाजूने, तिरपा धरून बघा. लेख असला तर अक्षरं उठून दिसतात. काही गधेगाळींवर लेख नसतोही, तेव्हा निराश होऊ नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं दगडी शिल्प घरी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे, गावात लोक उगीच घाबरतात. पाया खणताना नवं काही निघालं तर मात्र १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा : दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. टेम्पोवाल्याला आधी वाटेला लावा.

धागाकर्ता :
आभार! टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांगितलं. पायरी वर घेतली तर तिच्याखाली जांभ्याचे चिरे घालू की काळा दगडच हवा? गवंडी जांभाच म्हणतोय, पण अलिबागकडे चुन्यात काम केलेला गवंडी कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.