अनुभव धागा: आपल्यासारखंच जवळचं कुणी गमावलेलं माणूस भेटलं तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मागे राहिलेल्यांपैकी कित्येकांनी पुढच्या काळात एकमेकांशी संसार मांडले. त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून हा धागा. दुर्घटना दुसरी असली तरी चालेल. सावकाश लिहा.

लोहारा तालुका
आई सांगतेय, मी टाइप करतोय.

विसर्जन करून गाव झोपलं होतं. घर दगडमातीचं, वर जड माळवद. मालक आणि दोन्ही लेकरं त्याखाली गेली. वरून पाऊस. कुणाला कुठल्या सरणावर दिलं, तेही मला कळलं नाही.

पत्र्याच्या शेडात शेजारी हे राहायचे. बायको गेलेली, पाठीमागं लहान पोरगी. तिची वेणी यांना घालता यायची नाही, म्हणून पोरगी सकाळी माझ्याकडं यायची. वेणी झाली का, एवढंच ते दारातून विचारायचे. कितीतरी दिवस आमचं बोलणं तेवढंच.

तेव्हा आमच्या भागात अशी लग्नं बरीच लागली. काही नातेवाइकांनी घाईनं उरकली, त्यात बायांचे हाल झाले, हेही लिही म्हणते आई. आमचं चुलत दिरानं विचारलं. मी म्हटलं, माझ्या घरच्यांचा फोटो भिंतीवर लागंल, चालंल का? माझ्या माहेरी एक फोटो उरला होता. यांच्याकडं तर तोही नव्हता. म्हणाले, तुमचा लावू. माझी कशी होती ते मी तोंडानं सांगत जाईन.

आणि सांगायचे. भाकरी थापताना ती काय गुणगुणायची, कशावरून रुसायची, सगळं. ते ऐकता ऐकताच मला यांच्याबद्दल माया वाटायला लागली.

(मी झाल्यावर आजीला माझं नाव गेलेल्या भावाचं ठेवायचं होतं. आईनं ठेवू दिलं नाही. ‘हा त्याच्या जागेवर आलेला नाही,’ म्हणाली.)

धागाकर्ती
दादा, आईंना नमस्कार सांगा. ती मुलगी आता कुठं असते?

लोहारा तालुका
ताई उमरग्याला असते. दिवाळीला माहेरी म्हणून आमच्याकडंच येते.

बोरिवली
११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत माझा भाऊ गेला. माहीमची गाडी, फर्स्ट क्लास. त्याच डब्यात रोज त्याच्याशेजारी उभा राहणारा मित्र त्या दिवशी ऑफिसात अडकला होता. तेराव्याला आला तेव्हा त्याची आईसमोर बसायची हिंमत होईना. आईनंच त्याला ताट वाढलं. नंतर बाबांची बँकेची कामं, दवाखाना, सगळ्याला तो धावला. आमचं लग्न पुढं तीन वर्षांनी झालं.

एक सांगते. आमचं दुःख सारखं नाही. मला भाऊ आठवतो, त्याला स्वतःचं वाचणं टोचतं. ११ जुलैला तो मुद्दाम त्याच वेळेची लोकल पकडतो. मी घरी थांबते. सोबत चल, असं तो कधी म्हणाला नाही, आणि मीही त्याला अडवलं नाही. या समजूतदारपणामुळेच माझं त्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे.

नाशिक
एप्रिल २०२१. ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर फिरलो, तरी नवरा हाती लागला नाही. पुढे कोविडच्या ५० हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी कागद जमवताना एक गृहस्थ भेटले. त्यांची पत्नी त्याच आठवड्यात गेलेली. त्यांना अर्ज भरताना ‘मृत’ हा शब्द लिहिता येईना. मी लिहून दिला. माझ्या अर्जावर त्यांनी लिहिला.

आता रविवारी दोन्ही घरची मुलं एकत्र जेवतात. सासूबाई म्हणतात, तारीख काढा, मी उभी राहीन तुमच्या पाठीशी. त्यांनी स्वतःचा मुलगा गमावून हे म्हणावं, याचं मोल मला कळतं. पण अजून होकार दिलेला नाही. ते थांबायला तयार आहेत, आणि मला कुणाच्या घाईनं ठरवायचं नाही.