विटांचं जुनं घर: गिलाव्याला होकार देण्याआधी

दादा: काल ठेकेदार घर बघून गेला. समोरच्या भिंतीला खालून लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर क्षार वर आलेत, आणि विटांचे पापुद्रे सुटतायत. तो म्हणतो, सगळ्यावर सिमेंटचा गिलावा करू, वरून रंग मारू, मग वर्षानुवर्षं बघायला नको. सगळ्यांचं मत कळवा.

अण्णाकाका: करून टाका. वारसा वगैरे ठीक आहे, पण आपल्या घरात कोण थोर माणूस राहून गेला? दारावर पाटी नाही, इतिहासात नाव नाही.

आत्या: अण्णा, मला गिलावा नको. त्या विटा झाकल्या तर ते आपलं घर वाटणार नाही. पण कारण विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही.

मी: आत्या, मी प्रयत्न करते. जरा लांब होईल, पण दादा, ठेकेदाराला काही कळवण्याआधी वाच.

त्या भिंतीपुढे एकदा अगदी जवळ उभं राहून बघा. प्रत्येक थरात एक वीट लांबीने बसवलीय, शेजारची नुसतं तोंड बाहेर ठेवून, मग पुन्हा लांबीची. या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात. तोंड दिसणारी वीट नक्षीसाठी नाही. ती भिंतीत आतवर जाते आणि पुढची-मागची बाजू एकमेकींना बांधून ठेवते. त्यातल्या कितीतरी विटांची तोंडं काळपट आणि काचेसारखी चकचकीत आहेत, कारण त्या भट्टीत जाळाला लागून होत्या. जाळापासून लांब होत्या त्या फिक्या आणि मऊ राहिल्या. गवंड्याने एकेक वीट पारखून कडक बाहेर घेतली, मऊ आत टाकली. १८५८ साली जर्मनीतल्या हॉफमनने अखंड चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर हळूहळू एकसारख्या भाजलेल्या विटा सगळीकडे मिळू लागल्या. आपली भिंत त्याआधीच्या पद्धतीची आहे. अशी पारख आज विकत घेऊ म्हटलं तरी सहज मिळत नाही.

दाराच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एका विटेत तीन बोटं उमटलेली आहेत. वीट ओली असताना कुणीतरी उचलली, तेव्हाची. अण्णाकाका, या घरातला थोर माणूस माझ्या लेखी हा.

दादा: हे सगळं मान्य. पण लोणा लागलाय त्याचं काय? भिंत झडतेय हे तर खरं ना?

मी: खरं आहे, पण कुठे झडतेय ते बघ. फक्त खालचे थर, जिथे मागच्या दुरुस्तीत दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरल्यात. वरच्या मजल्यावर मूळ चुना आहे आणि तिथल्या विटांच्या कडा अजून धारदार आहेत.

चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेली ओल दर्जेतून बाहेर पडते, क्षारही तिथेच येतात. झिजायचं ते चुन्याने झिजायचं, मग तो खरवडून पुन्हा भरायचा, वीट शाबूत राहते. सिमेंटने ही वाट बुजते. मग पाणी विटेतूनच निघू बघतं, क्षारांचे स्फटिक विटेच्या पोटात वाढतात आणि तिचा दर्शनी पापुद्रा ढकलून पाडतात. त्यावर आणखी सिमेंटचा गिलावा केला की रोग फक्त डोळ्याआड होईल. आणि दादा, वाळूचा मारा करून विटा साफ करू म्हणाला तर तेही नको. भाजताना विटेवर जी कडक कातडी येते ती निघून जाते.

वहिनी: वाचलं सगळं. पण राहायचं आम्हाला आहे. मागची खोली अंधारी, पाइप गंजलेले. घर जपायचं म्हणजे आम्ही अडचणीत राहायचं का?

मी: अजिबात नाही, वहिनी. तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण माणसं राहिली नाहीत तर घर टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी १९७९ मध्ये जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची एक सनद केली, बुरा गावाच्या नावाने ओळखली जाणारी. तिचं सांगणं असं की, या वास्तूचं मोल नेमकं कशात आहे ते आधी ठरवा, मग गरजेपुरता बदल करा, पण शक्य तितका कमी. आपलं मोल रस्त्याकडची भिंत, खिडक्यांच्या कमानी आणि जिना यांत आहे. मागची खोली नंतर जोडलेली आहे. तिथे हवी तेवढी मोठी खिडकी पाडा, पाइप सगळे बदला.

अण्णाकाका: आणि विकलं तर? जुन्या विटांना वेगळा भाव येतो म्हणे.

मी: येतो, काका, म्हणून तर काळजी वाटते. अमेरिकेत सव्हाना शहरात गुलामांच्या हातांनी घडलेल्या करड्या विटा इतक्या मागणीत होत्या की नुसत्या विटांसाठी घरं उतरवली जात होती. १९५४ मध्ये तिथला जुना बाजार पार्किंगसाठी पाडला. पुढच्याच वर्षी १८२० सालचं डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली, तेही पार्किंगसाठीच. सात बायकांनी २२,५०० डॉलर उभे करून ते विकत घेतलं. तोवर त्या घराच्या खोल्या-खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या, अवस्था आपल्या घरापेक्षा वाईट होती. त्यांनी काढलेल्या संस्थेने पुढे शेकडो इमारती वाचवल्या. बाजाराच्या जागेवरचं ते पार्किंग मात्र नंतर पाडलं आणि आता तिथे पुन्हा मोकळा चौक आहे.

आत्या: सात जणींनी केलं! आपण तर ग्रुपवर त्याहून जास्त आहोत. चुन्याच्या कामाला माझा वाटा मी देईन.

अण्णाकाका: विकायचं मी नक्की म्हणत नव्हतो. पण चुन्यात काम करणारा गवंडी आता मिळतो का?

मी: शोधावा लागेल. त्याआधी वरच्या मजल्यावरचा थोडा जुना चुना काढून तपासून घेऊ, म्हणजे वाळूचं प्रमाण आणि रंग जुळवता येईल. खालच्या सिमेंटच्या दर्जा मात्र हाताने, छिन्नीने काढायला हव्यात. कटर फिरवला तर विटांच्या कडा जातील.

वहिनी: दर्जा नंतर. गच्चीची पन्हाळ फुटलीय, पावसाचं सगळं पाणी त्याच भिंतीवर येतं. आधी ती बदला.

मी: वहिनी बरोबर बोलतायत. ओल थांबल्याशिवाय चुना भरून उपयोग नाही.

दादा: ठीक. ठेकेदाराला गिलावा नको म्हणून कळवतो. पन्हाळीसाठी उद्या माणूस बोलावतो, वहिनी असेल ना घरी?

वहिनी: अकरानंतर पाठवा.