मदत हवी आहे: एकसारख्या खिडक्यांचा पॅनोरमा मजला गिळतोय

समोरच्या इमारतीच्या १५व्या मजल्यावरून ३० मजली टॉवरचा दर्शनी भाग पॅनोरमात, म्हणजे अनेक फोटो जोडून एकच मोठं चित्र करून, टिपायचाय. अंतर साधारण १५० मीटर, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा उभा धरलेला, २०० एमएम लेन्स. एका फ्रेममध्ये जेमतेम २७ मीटर उंची, म्हणजे नऊ मजले मावतात. ४० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या दोन फ्रेममधला सामाईक भाग) धरला की एका उभ्या रांगेला पाच फ्रेम, अशा तीन रांगा.

अडचण जोडताना येते. ग्रिल, एसीचे डबे, खिडक्या, सगळं एकाच साच्यातलं. त्यामुळे सॉफ्टवेअर बाराव्या मजल्याला तेरावा समजून चिकटवतं आणि एक मजला गायब! वाळत घातलेले कपडे हीच काय ती वेगळी खूण, पण ते वाऱ्याने हलतात नि शर्टाची एक बाही दोनदा उमटते. सध्या तडकलेली काच, पाइपाखालचा गंजाचा डाग असे स्थिर तपशील धरून हाताने कंट्रोल पॉइंट (दोन्ही फ्रेममध्ये दिसणारी तीच जागा सॉफ्टवेअरला दाखवणाऱ्या खुणा) देतोय. दोन फ्रेमच्या जोडाला किती पुरतात? आणि ते कोपऱ्यांकडे पसरवावेत का?

दुसरं संधिप्रकाशाचं. छिद्र एफ/८, संवेदनशीलता आयएसओ १००, शटर ४ सेकंद. पंधरावी फ्रेम होईस्तोवर आकाश काळवंडतं, घरांतले दिवे मात्र तेवढेच राहतात. एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) लॉकच ठेवावं, की रांगेगणिक वाढवावं? वाढवलं तर दिवे फोटोत नुसते पांढरे डाग होतात. (व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, लॉक आहे, तो सल्ला नको.) भर दुपार बाद, तापलेली हवा लहरते नि ग्रिलच्या रेषा विरघळतात.