शू बिंग यांची न वाचता येणारी पुस्तके

प्रश्न: चिनी कलावंत शू बिंग यांना सुलेखनकार म्हणावे की ग्रंथकलावंत? एकही अक्षर वाचता न येणाऱ्या पुस्तकांनी त्यांचे नाव कसे झाले, हे कोणी सांगेल का?

उत्तर १: १९८७ पासून त्यांनी सुमारे ४,००० मनाने रचलेली बनावट चिनी अक्षरे छपाईच्या लाकडी खिळ्यांवर (टाइपांवर) स्वतः उलटी कोरली आणि त्यांतून पुस्तके छापली. सोंग या जुन्या चिनी राजवटीच्या काळातील वळणाचा ठसा, दोऱ्याची शिवण आणि पानांवरच्या रेघा इतक्या चोख होत्या, की १९८८ साली बीजिंगच्या प्रदर्शनात भलेभले चिनी वाचकही ओळखीचे अक्षर शोधत राहिले.

उत्तर २: वरील माहितीला जोड देतो. १९९० मध्ये अमेरिकेला गेल्यावर त्यांनी इंग्रजी शब्दांची अक्षरे चिनी वळणाने एकेका चौकोनात बसवली. ही लिपी मात्र खरोखर वाचता येते, आणि माझ्या मते त्यांच्यातला सुलेखनकार इथेच अधिक दिसतो.